नानांची घंटा मी उचलून ठेवली

वर्गात एखादं मूल पेंगायला लागलं की मी पहिल्यांदा विचारते, "रात्री झोप झाली का?" सत्तावीस वर्षं विचारतेय. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाचा बाप रात्री पिऊन येऊन भांडतो, कुणाला ढेकणांनी फोडून काढलेलं असतं. कारण कळलं की त्या मुलाला मागच्या बाकावर तासभर झोपू द्यायचं आणि मग पाढे घ्यायचे, हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. नवीन शिक्षकांना मी तोऱ्यात सांगते की झोपेतल्या पोराला शिकवू नका, भिंतीला शिकवल्यासारखं होईल. स्वतःच्या वडिलांना मात्र मी सहा आठवडे हा प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या कुणी विचारला तर त्याचं खोटं उत्तरही मीच दिलं.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत नानांनी बत्तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. आठवड्याला शिफ्ट बदलायची. नाईटचा आठवडा आला की आमचं घर दिवसाढवळ्या मुकं व्हायचं. आई खिडकीवर काळी गोधडी टांगायची, कुकर लावायचाच नाही असा नियम, आणि मी अभ्यासाचं दप्तर घेऊन बाहेरच्या पायरीवर. दारावर भांडीवाली ओरडत आली तर आई ओठांवर बोट ठेवून अनवाणी धावायची. नानांची झोप ही आमच्याकडे देवाच्या नैवेद्यासारखी होती, तिला कुणी हात लावायचा नाही. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, दहा-बारा वर्षं पाळलंय, म्हणून पुढचं सांगताना जास्त लाज वाटते.

नानांची आणखी एक गोष्ट आमच्या घरात गाजलेली. एका नाईटला त्यांचा जोडीदार झोपून गेला आणि टाकी भरून वाहिली. सकाळी साहेबानं दोघांना उभं केलं. नाना म्हणाले, दोघंही जागेच होतो, वॉल्व्ह अडकला. त्या वर्षी नानांची बढती गेली. आई मरेपर्यंत हे विसरली नाही. पापड लाटताना, सण असताना, पाहुणे असताना, कधीही काढायची. "तुमी एक शब्द बोलला असता तर?" नाना भाकरी मोडत म्हणायचे, "शिफ्टातल्या माणसाचं वर सांगायचं नसतंय." मला तेव्हा आईचंच पटायचं.

आई गेल्यावर नाना रोह्याच्या घरात एकटे राहत होते. मी पेणला रामवाडीत, शाळा जवळच. नवरा बदलीच्या गावी, शनिवारी येतो. मुलगी होस्टेलला. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नाना रात्री नेहमीसारखे जेवून झोपले आणि सकाळी जाग आली तेव्हा उजवा हात, उजवा पाय त्यांचा राहिला नव्हता. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज नुसता घरघरला. पहाटेपासून दहा वाजेपर्यंत ते तसेच पडून होते. दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी उन्हात तशीच लटकलेली बघून शेजारणीनं खिडकीतून डोकावलं, तेव्हा कुठे कळलं. हे मला सगळं माहीत होतं. मीच येईल-जाईल त्याला सांगत होते, दुधाच्या पिशवीसकट. पण त्या पाच तासांत नानांच्या मनात काय चाललं असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

दवाखान्यातून मी त्यांना पेणला आणलं. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीचे महिने मोलाचे, या दिवसांत व्यायामानं जेवढं परत मिळवाल तेवढं मिळवाल. नाना कसंबसं, एकेक शब्द ओढत बोलायला लागले होते. पहिला धड शब्द त्यांनी काढला तो "रोहा". त्यांना आपल्या घरी जायचं होतं. त्या घराला पुढे पाच पायऱ्या आहेत. व्यायाम घ्यायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं, तिला आम्ही फिजिओची मुलगी म्हणायचो, हेच धरून ठेवलं. "बाबा, पाच पायऱ्या चढायला लागलात की रोहा. आणि हातानं कुलूप उघडायला लागलात की मी पण येणार चहाला." नाना हसले. अर्धंच तोंड हसलं, पण हसले.

मी लगेच कामाला लागले. ड्रॉइंगचा कागद आणून तक्ता केला. वर वार, डाव्या बाजूला व्यायाम: चेंडू दाबणे, खांदा उचलणे, खुर्चीवरून उठणे, वजन उजव्या पायावर. केलं तर हिरवी बरोबरची खूण, नाही केलं तर लाल फुली. शेवटी शेऱ्याचा रकाना. शेऱ्याचा रकाना नसेल तर शिक्षिकेला चैन पडत नाही. तक्ता मी पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला, नानांना सतत दिसेल असा. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दिसेल, हेही माझ्या मनात होतंच.

रात्री मोठ्यानं हाक मारता येत नाही म्हणून त्यांच्या उशाशी, रस्त्याकडच्या खिडकीखाली, देवघरातली छोटी पितळी घंटा ठेवली. डावा हात चांगला होता. लागलं तर वाजवा, म्हटलं.

पहिल्या रात्री घंटा वाजली. मी धावत गेले. "काय हवंय नाना?" "काय... नाय." पाणी? नाही. लघवी? नाही. मी परत जाऊन पडले. थोड्या वेळानं पुन्हा. "काय झालं?" "नाय... काय." असं त्या रात्री किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. डोळा लागतोय न लागतोय तोच किणकिण. उठून जावं तर नाना टक्क जागे, माझ्याकडे बघताहेत आणि काही नको. चौथ्या दिवशी शाळेत माझ्याच तोंडून मुलांसमोर जांभया. गणिताच्या तासाला फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं आणि एका मुलीनं ते दाखवलं. त्या रात्री घंटा वाजली तशी मी गेले, काही न विचारता ती त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाले, "देवाची घंटा आहे ही, खेळायची नाही. मला सकाळी शाळा आहे." आणि देवघरात नेऊन ठेवली. देवाचं नाव घेतल्यावर नाना काय बोलणार? जन्मात त्यांनी देवासमोर आवाज चढवला नव्हता. मी माझ्या खोलीचं दार लावलं, पंखा पाचवर केला आणि छान झोपले. त्या रात्री आणि पुढच्या प्रत्येक रात्री. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती, हेही सांगून टाकते.

नानांची तऱ्हा मात्र अशी, की सकाळी साडेपाचला मी उठून भांडी वाजवायला लागले, मिक्सर सुरू झाला, की ते घोरायला लागायचे. ज्या माणसाच्या झोपेसाठी आम्ही कुकरची शिट्टी होऊ दिली नाही, त्याला आता चटणीच्या मिक्सरमध्ये झोप लागत होती. मला वाटायचं, मुद्दाम. साडेआठला फिजिओची मुलगी यायची, त्याआधी मी ओल्या टॉवेलनं त्यांचं तोंड पुसून त्यांना बसतं करायची. ते बसायचे, पण मान छातीवर. ती म्हणायची, "बाबा, चेंडू दाबा." नाना चेंडूकडे बघायचे. बोटं जरा हलायची, मग डोळे मिटायचे. उभं केलं तर दोन मिनिटांत घाम आणि मानेनंच नकार. कधी कारण नसताना डोळ्यांतून पाणी. मी म्हणायची, "रडून पाय चालणार आहे का?"

दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीनं विचारलं, "ताई, रात्री झोपतात का नीट?"

मला काय माहीत? माझं दार बंद होतं. पण "माहीत नाही" हे उत्तर माझ्या तोंडाला सवयीचं नाही. मी म्हणाले, "हो, छान झोपतात. रात्रभर हाक नाही की काही नाही." मग तिनं नानांना विचारलं, "हो का बाबा? लागते झोप?" नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. हो.

तिनं वहीत लिहून घेतलं. नंतरही दर आठवड्याला ती विचारायची, मी तेच सांगायची आणि नाना मान हलवायचे. मला ती मान म्हणजे माझ्या उत्तरावरची सही वाटायची.

दिवसा त्यांच्याजवळ बसायला डोंगराकडच्या वाडीवरची एक बाई यायची. शांत, कामाला वाघ. एकदा मी शाळेतून आले तर चपला घालता घालता ती म्हणाली, "बाई, नाना दिसभर निजूनच असतात. मंग रातीचं काय करतात वो?" मी फाडकन म्हणाले, "दिवसभर झोपू देतेस म्हणूनच. तुला काय त्यांना झोपवायला ठेवलंय का?" नेमका प्रश्न तिनं विचारला होता, आणि मी तिलाच झापलं. शाळेत अशा प्रश्नाला मी शाबासकी दिली असती.

तक्त्यावर लाल फुल्या वाढत गेल्या. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहायला लागले. "प्रयत्न कमी." "लक्ष नाही." एका सोमवारी लिहिलं, "आज पुन्हा आळस." अक्षर माझं चांगलं आहे, लांबूनही वाचता येतं.

त्याच आठवड्यात रोह्याहून नानांचे कंपनीतले दोन जुने मित्र भेटायला आले. केळी घेऊन, धुतलेले शर्ट घालून. नाना त्यांना बघून उठायला बघत होते. एकजण भिंतीकडे गेला आणि तक्ता वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा आवाज बंद झाला. मी चहा घेऊन आले होते. खरं तर तेव्हा विषय बदलायला हवा होता. पण मला वाटलं, चला, चारचौघांत सांगितलं तर तरी लागेल यांना. मी म्हणाले, "बघा ना, तुम्हीच सांगा आता. नुसतं झोपायचं. यांना चालायचंच नाही. माझ्या जिवावर पडून राहायचंय."

नानांनी तोंड भिंतीकडे केलं, तक्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीकडे. मित्र लवकर निघाले. केळी कुणी खाल्ली नाहीत, काळी पडली.

त्यानंतर आठ दिवस नानांनी एकही व्यायाम केला नाही. चेंडू हातात दिला तर ते धरत नसत, तो घरंगळून जायचा. जेवणात दोन घास. "रोहा" हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही. फिजिओची मुलगी जाताना दारात हळूच म्हणाली, "ताई, मन खचलेलं दिसतंय. असं चाललं तर पुढचं अवघड होईल. डॉक्टरांना दाखवू या का?" मी म्हटलं, बघू. मला ते नाटक वाटत होतं. म्हणजे असं मी स्वतःला सांगत होते. आतून भीती वाटायला लागली होती, पण भीती वाटली की मी चिडते, हा माझा जुना दोष.

आमच्या शेजारी एक तरुण राहतो, नागोठण्याच्या बाजूच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. रविवारी सकाळी मी बाहेर कपडे वाळत घालत होते आणि तो मोटारसायकल पुसत होता. म्हणाला, "बाई, नानांना बरं नाय काय? दोन-तीन दिस हात करत नाय."

"हात? कुणाला?"

"मला. खिडकीतून. मी शेकंडवरून येतो मध्यरातीला, तवा उशीला टेकून बसलेले असतात. फस्टला पाच वाजता बस पकडायला जातो तवापन बसलेले. नाईटला जातानाबी. तिन्ही शिफ्टला बगतो मी त्यांना, जागेच. मी रस्त्यावरून इचारतो, 'हाय काय नाना?' ते हात वर करून म्हनतात, 'हाय.' मंग मी जातो."

माझ्या हातात नानांचाच बनियन होता. मी तो पिळतच राहिले.

"म्हणजे रोज जागे असतात? रात्रभर?"

"रातभरचं मी कसं सांगू? पन मी बगतो तवा कदी झोपलेले नाय बगितले." मग जरा हसून म्हणाला, "कंपनीचा मानूस हाय ना. आमच्यात नाईटला तसंच असतंय. एक आत पॅनलवर, एक बाहेर फिल्डवर. अर्ध्या अर्ध्या तासानं एकमेकाला हाक द्यायची. 'हाय काय?' 'हाय.' बास. काम काय नसतंय. आवाज आला म्हंजे मानूस झोपला नाय, पडला नाय, वायू लागून गेला नाय. जवाब नाय आला तर धावायचं. एकदा जवाब आला का दुसरा बिनघोर पाठ टेकतो घडीभर."

मी तिथेच दगडावर बसले. घंटा. अर्ध्या अर्ध्या तासानं घंटा. "काय हवंय?" "काय नाय." त्यांना काहीच नको होतं. कुणी आहे का, एवढंच विचारायचं होतं. मी नुसतं माझ्या पलंगावरून, डोळे न उघडता "आहे नाना" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. उठायचीही गरज नव्हती. बत्तीस वर्षं मी कंपनीवाल्याची मुलगी होते, आणि हे मला शेजारच्या माणसानं मोटारसायकल पुसता पुसता सांगितलं.

कपडे तसेच टाकून मी आत गेले. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पलंगाच्या त्या बाजूला, भिंत आणि पलंगाच्या फटीत जाऊन खाली बसले, म्हणजे त्यांना तोंड फिरवता येऊ नये. विचारलं, "नाना, रात्री झोपायची भीती वाटते का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओठ हलले. "झोपलो... नि..." पुढचा शब्द सापडेना. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि सोडून दिला. तो चादरीवर पडला.

झोपलो नि हा गेला. झोपेतच तर गेला होता. आणि जाग आल्यावर पाच तास कुणी आलं नव्हतं. आता पुन्हा अंधारात डोळे मिटायचे, तर कुणीतरी जागं आहे याची खात्री नको? ती खात्री रात्री मिळत नव्हती म्हणून ते स्वतःच जागत होते. सकाळी मिक्सर लागला, घरात माणूस वावरतंय हे कळलं, की मग झोपत होते. आणि मग साडेआठला आम्ही दोघी बायका त्या रात्रभर जागलेल्या माणसाला चेंडू दाबायला सांगत होतो, आणि तो दाबत नाही म्हणून मी लाल पेन काढत होते.

मी रडले. नाना माझ्याकडे बघत राहिले, आणि मग डाव्या हातानं माझ्या डोक्यावर दोनदा थापटलं, चूक झालेल्या पोराला थापटतात तसं. ते मला सहन होईना. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी तक्ता काढला. घंटा परत उशाशी आणून ठेवली. माझी गादी त्यांच्या खोलीत, पलंगाशेजारी जमिनीवर टाकली. पहिल्या रात्री घंटा वाजेना. नाना घंटेकडे बघायचे पण हात लावायचे नाहीत, एकदा काढून घेतलेली वस्तू होती ती. शेवटी मीच अंधारात विचारलं, "हाय काय नाना?" मला ते नीट जमलं नाही, शाळेतलं मराठी आड येतं. पण वरून उत्तर आलं, "हाय." थोड्या वेळानं मी पुन्हा विचारलं. चार-पाच वेळा असं झालं. मग एकदा उत्तर आलं नाही, आणि मी घाबरून उठून बघितलं तर ते झोपले होते. भीती कशी असते ते त्या एका क्षणात मला कळलं.

एका रात्रीत सगळं सुधारलं असं काही झालं नाही. पण दोन आठवड्यांत ते दिवसा जागे राहायला लागले. वाडीवरच्या बाईची मी माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या," आणि नानांना उन्हात बसवायला घेऊन गेली. व्यायामाच्या वेळी नाना डोळे उघडे ठेवून असायचे. खुर्चीवरून उठणं जमलं, मग उजव्या पायावर भार. एके दिवशी फिजिओची मुलगी खूश होऊन म्हणाली, "ताई, काय जादू केलीत?"

तिथेही मला मोह झाला. "जरा शिस्त लावली," असं म्हणायला शब्द तयार होते. ते गिळले आणि सगळं सांगितलं. घंटा, बंद दार, आणि दर आठवड्याला मी दिलेलं उत्तर. तिनं पेन बंद केलं. रागावली नाही. म्हणाली, "थकलेल्या मेंदूला नवीन काही शिकता येत नाही, ताई. झोप नसेल आणि मनही खचलं असेल, तर व्यायाम नुसता अंगावरून जातो. मला हे तेव्हाच कळायला हवं होतं." तिनं डॉक्टरांना कळवलं, औषध बदललं, येण्याची वेळ दुपारची करून घेतली. मी धीर करून विचारलं, "ते सहा आठवडे..." ती म्हणाली, "आता पुढचं बघू." माणसाला वाईट वाटू नये म्हणून जे बोलतात ते ती बोलली. मीही पालकांना असंच बोलते.

मग ती नानांकडे वळली. "बाबा, मी तुम्हाला पण विचारलं होतं ना? झोप लागते का म्हणून? तुम्ही हो कसं म्हणालात?" नाना खिडकीबाहेर बघत राहिले. शब्द सापडत नसेल असं तिला वाटलं आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. मीही नाही. उत्तराची मला भीती वाटत होती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी नानांना रोह्याला घेऊन गेले. नागोठण्यावरून गाडी जाताना अंबा नदी अगदी आटलेली होती, गोटे दिसत होते. नाना सारा वेळ समोर बघत बसले होते, एका हातात काठी, मांडीवर पिशवी. पिशवीत काय आहे ते मला माहीत होतं, गाडी खड्ड्यात गेली की ती किणकिणायची.

घरासमोर गाडी थांबली. पाच पायऱ्या. फिजिओच्या मुलीनं शिकवल्याप्रमाणे आधी चांगला पाय वर, मग दुसरा. काठी मी घेतली, डाव्या हातानं त्यांनी कठडा धरला. मी मागे उभी, हात त्यांच्या पाठीपासून चार बोटं लांब. पहिली. दुसरी. तिसरीवर थांबले, श्वास घेतला. चौथी. पाचवी. शेजारीण तिच्या दारातून बघत होती, ती टाळ्या वाजवायला लागली आणि मग पदर डोळ्यांना लावला.

नानांनी खिशातून डाव्या हातानं किल्ली काढली. मग, मला वाटतं सवयीनंच, ती उजव्या हातात द्यायला गेले. उजव्या हाताची बोटं वळलेली, ती उघडली नाहीत. पाय आला, बोलणंही बरंच आलं, पण बोटं आली नाहीत. त्या सहा आठवड्यांमुळे नाही आली, असं कुणी मला म्हटलेलं नाही. नाही असंही कुणी म्हटलेलं नाही. किल्ली बोटांवरून घसरून उंबऱ्याशी पडली.

मी ती उचलली, आणि वाकलेलीच असताना माझ्या तोंडून निघून गेलं. "नाना, माझ्यामुळे झालं हे. तुम्ही तिला सांगितलं का नाहीत? नुसती मान नाही अशी हलवली असतीत तरी..."

नाना कठडा धरून उभे होते. आता त्यांना शब्द सापडतात, वेळ लागतो पण सापडतात.

"तू... बोललेलीस ना," ते म्हणाले. "झोपतात म्हनून." मग थांबले, माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसले. "शिफ्टात दोगंच होतो... आपन. जोडीदाराचं वर... सांगायचं नसतंय गो बाय."

कुलूप मला लवकर उघडता आलं नाही. किल्ली भोकात जाईना. नाना मागे शांत उभे राहिले, घाई केली नाही.